मैत्रीचे मीठ



चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ असा काही मथळा आमच्याकडून येईल, अशी त्यांची अपेक्षा असावी. ‘प्राचीन ग्रीक आणि रोमन तत्त्वज्ञांचा मैत्रीविचार’ असे आम्ही लिहून पाठविले, तेव्हा त्यांनी खात्री करून घेण्यासाठी पुन्हा एकदा विचारणा केली. त्यांचे चुकले नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. ग्रीक आम्हांस येत नाही, लॅटिनही येत नाही. जे वाचले ते इंग्रजी भाषांतरांतून, शेजारी कोश उघडा ठेवून वाचले. परंतु माणसे गोळा करणे आणि गोळा झालेली फुटू न देणे हाच ज्याचा धंदा, त्याला माणूस माणसाला कशाने धरून राहतो हा प्रश्न रोजचाच असतो. त्या प्रश्नाचा ग्रीकांनी जितका कसून विचार केला तितका फार थोड्यांनी केला असेल.

प्रथम एक शब्द समजून घेऊ. ग्रीक भाषेत ‘फिलिया’ म्हणतात. आपण त्याचे भाषांतर ‘मैत्री’ असे करतो, पण तो शब्द आपल्या ‘मैत्री’पेक्षा पुष्कळच ऐसपैस आहे. आईचे मुलावरचे प्रेम फिलियात येते, एका गलबतावरच्या खलाशांचे आणि एका तुकडीतल्या शिपायांचे नाते येते, व्यापारातले भागीदार येतात, इतकेच नव्हे तर एका नगरीचे नागरिक म्हणून परस्परांना जे बांधून ठेवते तेही येते. म्हणून ग्रीक माणूस मैत्रीवर बोलू लागला की तो केवळ दोन जिवलगांच्या गुजगोष्टींवर बोलत नसतो. तो समाजाच्या बांधणीवर बोलत असतो.

प्लेटोचा ‘लायसिस’ नावाचा एक लहानसा संवाद आहे. कुस्तीच्या आखाड्यात सॉक्रेटिस दोन पोरसवदा मित्रांना गाठतो आणि मित्र म्हणजे काय ते सांगा म्हणतो. सारखा सारख्याचा मित्र, की उणा पुरत्याचा? एकेक उत्तर पुढे येते आणि आडवे पडते. शेवटी पोरांना घरी न्यायला माणसे येतात आणि बैठक मोडते. उत्तर मिळत नाही ते नाहीच. प्लेटोवर आज अधिक थांबण्याचे कारण नाही. प्रश्न मांडला हेच त्या संवादाचे काम.

उत्तर द्यायला बसला तो त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल. इ.स.पू. ३८४ ते ३२२ हा त्याचा काळ. त्याच्या नीतिशास्त्राच्या मुख्य ग्रंथाचे दहा भाग आहेत. त्यांतला न्यायाला एक दिला आहे, आणि मैत्रीला दोन! कारणही त्याने सांगितले आहे. माणसे एकमेकांची मित्र असतील तर न्यायाची गरज पडत नाही, पण नुसती न्यायी असतील तर मैत्रीची गरज उरतेच, असा त्याचा अभिप्राय. कायदा करणारे शहाणे लोक न्यायापेक्षाही नागरिकांतल्या सलोख्याची काळजी अधिक वाहतात, असेही तो नोंदवतो.

त्याने मैत्रीचे तीन प्रकार केले. पहिली उपयोगापोटी, दुसरी सुखापोटी, म्हणजे ज्याच्या संगतीत वेळ मजेत जातो त्याच्याशी होते ती. आणि तिसरी सद्गुणी माणसांची, ज्यांत एकजण दुसऱ्याचे भले त्या दुसऱ्यासाठीच इच्छितो. पहिल्या दोन्ही लवकर विरतात, कारण उपयोग संपला की मैत्री संपली. तिसरी टिकते, पण ती दुर्मिळ, आणि तिला वेळ फार लागतो. येथे ॲरिस्टॉटलने लोकांतल्या एका म्हणीचा आधार घेतला आहे. दोघांनी बरोबर बसून मीठ संपविल्याशिवाय एकमेकांची ओळख पटत नाही, असा तिचा आशय. दुसऱ्या ठिकाणी त्याने या मिठाचे मापही दिले आहे. ते एक मेदिम्नोस, म्हणजे सुमारे ५२ लिटरचे. दोन माणसांना इतके मीठ संपवायला किती वर्षे लागतील, याचा हिशेब इथे बसलेल्या भगिनी आमच्यापेक्षा लवकर करतील!

मिठाची म्हण आपल्याकडेही आहे. आपण ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ म्हणतो. पण ती कोणाविषयी? चाकराविषयी. मीठ धन्याचे, खाणारा चाकर, आणि जागायचे ते चाकराने. धनी चाकराच्या घामाला जागला की नाही, हे विचारणारी म्हण आम्ही तरी ऐकलेली नाही. ग्रीकांच्या म्हणीत मीठ कोणी कोणाला घालत नाही, दोघे मिळून खातात. आपल्या म्हणीत निष्ठा आहे, ग्रीकांच्या म्हणीत बरोबरी आहे. या दोहोंतला फरक मनात असू द्यावा, कारण पुढे जे सांगायचे आहे ते त्याच वाटेने जाते.

आता उपयोगाच्या मैत्रीकडे वळू. आम्हांला नेहमी ऐकविले जाते की तुमची एकजूट पोटासाठी आहे, तिला मैत्री, बंधुत्व असली मोठी नावे कशाला देता? ॲरिस्टॉटलचे कोष्टक वरवर वाचणाऱ्याला या टोमण्याला आधारही सापडेल. कामगार युनियनच्या कचेरीची पायरी चढतो तो पगारासाठी, बोनससाठी, किंवा भावाला कामावरून काढले म्हणून. करार झाला की वर्गणी थकू लागते, हेही खरे. ॲरिस्टॉटलने जणू आमची पावतीपुस्तके पाहूनच लिहिले असावे. परंतु त्याने उपयोगाच्या मैत्रीला मैत्री म्हणायचे नाकारलेले नाही. तिला कमी टिकाऊ म्हटले आहे, आणि ती का मोडते याचे जे विवरण केले आहे ते आमच्या मते साऱ्या ग्रंथात सर्वांत अनुभवाचे आहे.

तो म्हणतो की तक्रारी आणि भांडणे मुख्यतः याच मैत्रीत होतात. तिचे पुन्हा दोन पोटभेद तो करतो. एकात अटी बोललेल्या असतात: इतके दिले, इतके घ्यायचे. दुसऱ्यात अटी बोललेल्या नसतात. देणारा मित्राला द्यावे तसे देतो, पण पोटात परतफेडीची आशा धरून असतो. भांडण पेटते ते या दुसऱ्या जातीत. देणारा म्हणतो, मी दिले ते माझ्याजवळचे मोठ्यातले मोठे होते, आणि अडचणीच्या वेळी दिले. घेणारा म्हणतो, त्यात काय मोठेसे, तुला ते जड नव्हते, मला दुसऱ्याकडूनही मिळाले असते. ज्यांनी भाऊबंदकी पाहिली आहे, किंवा भागीदारीचा धंदा मोडताना पाहिला आहे, त्यांनी हे दोन्ही संवाद ऐकलेले असतील. मग मोजायचे कोणाच्या मापाने? ॲरिस्टॉटल म्हणतो, घेणाऱ्याला जो लाभ झाला त्याच्या मापाने. आमच्या व्यवहारात या उत्तराचा उपयोग असा होतो की ज्या गोष्टीची परतफेड हवी ती आधी कागदावर आणावी. त्याने मैत्रीचा अपमान होत नाही, उलट तिच्यावरचे ओझे उतरते. मागणीपत्र लिहिताना, करार करताना, आपसांत निधी जमवताना ज्यांनी ‘आपलीच माणसे आहेत, लिहायचे कशाला’ म्हटले, तेच पुढे एकमेकांचे तोंड पाहीनासे झालेले आम्ही पाहिले आहेत.

याच ओघात एक ठिकाण असे येते की तेथे ॲरिस्टॉटलशी आमचे जमत नाही. थोर आणि गरजू यांच्यात मैत्री असेल तर वाटणी कशी करावी, हा प्रश्न. त्याचा तोडगा असा की दोघांनाही जास्त मिळावे, पण वेगवेगळे: गरजूला लाभ मिळावा, थोराला मान मिळावा. तोडगा गोड दिसतो. परंतु हाच तोडगा घेऊन शतकानुशतके धनी चाकरापुढे उभा राहिलेला आहे. हक्काची रक्कम दिवाळीच्या तोंडावर दानासारखी वाटायची, आणि बदल्यात हार घालून घ्यायचे, सत्कार करून घ्यायचे! ज्याला आपले हक्काचे मिळते त्याने मान द्यायचा कशाबद्दल? मान द्यायचाच तर दोन्हीकडून द्यावा. हे ॲरिस्टॉटलला सुचले नाही असे नव्हे. लोकशाहीत मैत्रीला सर्वांत अधिक जागा असते, कारण समान माणसांत सामाईक पुष्कळ असते, आणि जुलमी राजाच्या राज्यात मैत्री जवळजवळ नसतेच, हे त्याचेच विधान आहे.

सलोख्याविषयीचा त्याचा विचारही येथेच सांगून टाकतो. सलोखा म्हणजे सर्वांचे मत एक असणे नव्हे. ताऱ्यांविषयी दोघांचे मत एक झाले म्हणून त्याला कोणी सलोखा म्हणणार नाही. आपल्या सामाईक हिताविषयी ठरविणे आणि ठरविलेले मिळून पार पाडणे, हा सलोखा. वाईट माणसांत तो होत नाही. का? प्रत्येकाला लाभात जास्त वाटा हवा असतो आणि कष्टात कमी, आणि प्रत्येकजण शेजाऱ्यावर नजर ठेवून त्याला अडवीत असतो. मग सामाईक म्हणून जे काही असते त्याची नासाडी होते. संघटनेच्या कार्यकर्त्यांना आम्ही हे प्रकरण वाचून दाखवितो. कोणी विचारले की हे कोणाचे, तर सांगतो, तेवीसशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे. त्यांना वाटते आम्ही थट्टा करतो आहोत.

परंतु या थोर माणसाने मैत्रीच्या घराला एक दार असे ठेवले की ते काही लोकांवर बंद झाले. गुलामाविषयी लिहिताना तो म्हणतो की कारागिराची हत्याराशी जशी मैत्री होऊ शकत नाही, तशी धन्याची गुलामाशी होऊ शकत नाही. गुलाम त्याच्या लेखी जिवंत हत्यार आहे, आणि हत्याराशी सामाईक काही नसते. हे वाक्य वाचले त्या रात्री आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. पुन्हा उघडले तेव्हा पुढची ओळ दिसली. गुलाम म्हणून मैत्री नाही, परंतु माणूस म्हणून होऊ शकते, कारण कायद्यात आणि करारात जो भागीदार होऊ शकतो अशा प्रत्येकाशी काहीएक न्यायाचे नाते असते. म्हणजे दार लावून त्याने कडी मात्र घातली नाही. एकाच माणसात हत्यार आणि माणूस असे दोन तुकडे करता येतात काय, आणि सकाळी ज्याला हत्यार म्हणून वापरले त्याला संध्याकाळी मित्र म्हणून जेवायला कसे बसवायचे, हा प्रश्न मात्र त्याने सोडून दिला.

सोडून दिला खरा, पण त्याच्या आयुष्याने तो सोडला नाही. प्लेटो वारल्यानंतर ॲरिस्टॉटल अथेन्स सोडून आशिया मायनरच्या किनाऱ्यावर गेला, तो ॲटार्नियसचा सत्ताधीश हर्मियस याच्या आश्रयाला. हा हर्मियस पूर्वी एका सावकाराचा गुलाम होता, असे भूगोलकार स्ट्रेबो लिहितो. त्याच्या नात्यातल्या पिथियस या मुलीशी ॲरिस्टॉटलने लग्न केले. पुढे इ.स.पू. ३४१ च्या सुमारास इराणी सत्तेने हर्मियसला दगा देऊन पकडले आणि ठार मारले. आपण तत्त्वज्ञानाला न शोभणारे काही केले नाही एवढे मित्रांना कळवा, असा त्याचा शेवटचा निरोप होता म्हणतात. ॲरिस्टॉटलने त्याच्यासाठी डेल्फीला स्मारक उभारले आणि एक स्तोत्र रचले. इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर वारल्यावर अथेन्समध्ये त्याच्यावर पाखंडाचा आरोप आला तो याच स्तोत्रावरून. मर्त्य माणसाला देवाचा मान दिला म्हणून. म्हणजे गुलामाशी गुलाम म्हणून मैत्री होत नाही असे लिहिणाऱ्याला, एके काळच्या गुलामाच्या मैत्रीपायी म्हातारपणी शहर सोडावे लागले. त्याचे मृत्युपत्र उपलब्ध आहे. ज्यांनी आपली सेवा केली त्यांतल्या कोणाही गुलामाला विकू नये, आणि योग्य वयात, लायकी असेल तर, त्यांना मुक्त करावे, असे त्यात लिहिले आहे. ‘लायकी असेल तर’ हे शब्द आम्हांला टोचतात. पण विकू नये हे स्पष्ट लिहिले, हेही विसरता येत नाही.

त्याच्यानंतर एका पिढीने एपिक्यूरस आला. इ.स.पू. ३४१ ते २७० हा त्याचा काळ. ‘खा, प्या, मजा करा’वाला म्हणून आपल्याकडे त्याची चार्वाकासारखी बदनामी झाली आहे. प्रत्यक्षात हा माणूस मित्राला पत्र लिहून चीजचे एक लहानसे मडके मागतो, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल! अथेन्सच्या बाहेर त्याने ८० मिना देऊन एक बाग घेतली आणि मित्रांसह तेथे राहिला. त्या बागेत स्त्रिया होत्या, गुलामही होते. लिऑन्टिऑन नावाच्या स्त्रीने ॲरिस्टॉटलचा वारसदार थिओफ्रास्टस याच्याविरुद्ध पुस्तक लिहिले. मिस नावाचा गुलाम तेथे इतरांच्या बरोबरीने तत्त्वज्ञान शिकत असे, आणि एपिक्यूरसने मृत्युपत्रात त्याला व आणखी तिघांना मुक्त केले. ॲरिस्टॉटलने बंद केलेल्या दाराचे या बागेने काय केले ते यावरून दिसावे.

मैत्री गरजेतून सुरू होते हे त्याने कबूल केले, आणि तरीही ती स्वतःच्या मोलाने हवीशी असते, असे म्हटले. आम्हांला वाटते, टोमणे मारणाऱ्यांना याहून नेमके उत्तर नाही. उगम गरजेत असला म्हणून मैत्री हलकी होत नाही; बी शेणखतात रुजते, म्हणून कणसाला कोणी नावे ठेवीत नाही. सतत मदतच मागणारा मित्र नव्हे, आणि मदतीचा मैत्रीशी संबंधच नाही म्हणणाराही मित्र नव्हे, असेही त्याचे मत होते. मदतीपेक्षाही, वेळ आली तर मदत येईल या भरवशाने माणूस उभा राहतो, हे तर संपात उतरलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

पायथागोरसच्या पंथात मित्रांची मालमत्ता सामाईक असावी असा दंडक होता. एपिक्यूरसने तो मानला नाही. वस्तू एकत्र करून ठेवायला लावणे म्हणजे एकमेकांवर विश्वास नसल्याची कबुली, आणि विश्वास नाही तेथे मैत्री कसली, असे तो म्हणे. युक्तिवाद सुंदर आहे. पण इ.स.पू. २९५ च्या सुमारास डिमिट्रियसने अथेन्सला वेढा घातला आणि शहरात दुष्काळ पडला, तेव्हाची हकीकत प्लुटार्कने दिली आहे. एका घरात बाप आणि मुलगा हताश होऊन बसले होते. छतातून मेलेला उंदीर खाली पडला, आणि त्यासाठी बापलेक हातघाईवर आले. त्याच दिवसांत एपिक्यूरस आपल्या मंडळींना वालासारख्या कडधान्याचे दाणे वाटून जगवीत होता, आणि ते दाणे मोजून वाटीत होता. विश्वास होता, तरी दाणे मोजले. किंवा असे म्हणा की दाणे मोजले म्हणूनच त्या वेढ्यातून विश्वास शाबूत राहिला. लांबलेल्या संपात घरोघर धान्य वाटताना आमची मंडळी वहीत नोंद करतात आणि कोणी कोणी त्याचा राग धरतात. त्यांना आम्ही ही हकीकत सांगतो.

आता रोमकडे वळून आटोपते घेतो. इ.स.पू. ४४ मध्ये सिसेरोने मैत्रीवर एक पुस्तक लिहिले आणि ते आपला मित्र ॲटिकस याला अर्पण केले. बोलणारा आहे लीलियस, ‘शहाणा’ या उपनावाने ओळखला जाणारा. मित्राने गैर काही मागू नये, आणि मागितल्यास आपण करू नये, हा पुस्तकातला मुख्य नियम. नियम बिनतोड आहे. संघटनेत काम करणाऱ्याला तो तर फारच लागतो. उद्या आपल्याच जिवलगाने निधीला हात लावला तर? ॲरिस्टॉटलने याचेही उत्तर दिले आहे. सुधारण्याजोगा असेल तर त्याच्या पैशापेक्षा त्याच्या चारित्र्यासाठी धावून जावे, आणि सुधारण्यापलीकडे गेला असेल तर दूर व्हावे. मात्र जुन्या सहवासाची काहीएक आठवण ठेवून.

परंतु सिसेरोने या नियमाला जे उदाहरण घेतले, ते आम्हांस निमूटपणे घेता येत नाही. इ.स.पू. १३३ मध्ये टायबीरियस ग्राकस हा रोमचा लोकप्रतिनिधी होता. सरकारी जमीन मातब्बरांनी बळकावली होती. एकाकडे ५०० युगेरा, म्हणजे सुमारे ३१० एकर, यापेक्षा जास्त राहू नये आणि उरलेली गरिबांत वाटावी, असा कायदा त्याने केला. सिनेटच्या मंडळींनी बाकांचे पाय आणि सोटे घेऊन त्याला आणि त्याच्या तीनशे माणसांना ठार मारले आणि प्रेते टायबर नदीत टाकली. मग त्याच्या मित्रांची चौकशी सुरू झाली. कारखान्यात ‘इन्क्वायरी’ बसते ती कशी असते हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी पुढचे लक्ष देऊन ऐकावे.

क्यूमे गावचा ब्लॉसियस हा तत्त्वज्ञ टायबीरियसचा मित्र. सिसेरोच्या पुस्तकात लीलियस सांगतो की ब्लॉसियस आपल्याकडे क्षमा मागायला आला आणि म्हणाला, टायबीरियसविषयी मला इतका आदर होता की तो सांगेल ते मी केले असते. लीलियसने विचारले, त्याने कॅपिटॉलवरचे मंदिर जाळायला सांगितले असते तर? तसे त्याने कधीच सांगितले नसते. पण सांगितले असते तर? तर जाळले असते. पाहा, किती पापी उत्तर, असे लीलियस म्हणतो. हीच जबानी प्लुटार्कनेही दिली आहे. तेथे प्रश्न सिपिओ नासिकाचा आहे, म्हणजे ज्याने तो मारेकरी जमाव चालविला त्याचा. आणि उत्तर थोडे लांब आहे: टायबीरियसने सांगितले असते तर जाळणेच योग्य ठरले असते, कारण जनतेच्या हिताचे नसते तर त्याने ते सांगितलेच नसते. एका जबानीत आंधळी निष्ठा आहे. दुसरीत मित्राच्या न्यायबुद्धीवरचा भरवसा आहे. उत्तराची शेपटी कापली की माणूस गुन्हेगार ठरतो. आम्ही अशा जबान्या पाहिल्या आहेत, त्यांच्याखाली अंगठे उठवून घेतलेलेही पाहिले आहेत. आणि जे घडलेच नाही त्याविषयी ‘समजा घडले असते तर’ असे विचारणे, हा चौकशीचा प्रकार रोमइतका जुना आहे हे येथे समजते.

सांगणारा लीलियस कोण होता हेही पाहावे. चौकशी करणाऱ्या कॉन्सलांच्या सल्लागारांत तो बसला होता, हे तो स्वतःच सांगतो. आणि टायबीरियसच्या आधी जमिनीचा प्रश्न लीलियसनेच हाती घेतला होता, असे प्लुटार्क लिहितो. मातब्बरांनी विरोध केला, गडबड होईल असे दिसले, तेव्हा त्याने तो सोडून दिला. ‘शहाणा’ हे उपनाव त्याला त्यावरून पडले.

ब्लॉसियस रोममधून निसटून आशियात गेला. तेथे ॲरिस्टोनिकस नावाच्या पुढाऱ्याने गरीब आणि गुलाम जमवून, गुलामांना स्वातंत्र्याचे वचन देऊन रोमविरुद्ध बंड मांडले होते. त्या बंडात तो सामील झाला. बंड मोडले तेव्हा त्याने आत्महत्या केली. त्याने लिहिलेले काही आज शिल्लक नाही; त्याची बाजू आपल्याला त्याच्या चौकशी अधिकाऱ्यांच्या तोंडूनच ऐकावी लागते.

सेनेका आणि त्याने गुलामांविषयी लिहिलेले पत्र यांवर बोलायचे राहिले. पण अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे आणि मागच्या रांगेतल्या काही मंडळींना शेवटची गाडी गाठायची आहे. प्रश्न असतील ते चिठ्ठीवर लिहून पाठवावेत. ब्लॉसियसविषयी ज्यांचे मत आमच्याहून निराळे असेल त्यांच्या चिठ्ठ्या आधी वाचू.